घरचे आहे म्हणून चेहऱ्याला सौम्यच असते असे नाही

दसरा-दिवाळी झाली की युसूफ वडगाव आणि केज तालुक्यातील गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. फडातले ऊन, धूळ, पाचटाचे ओरखडे आणि संध्याकाळी हाताला लागेल तो साबण हे सारे त्यांच्या चेहऱ्याला पुढचे काही महिने सोसावे लागते. गावात मागे राहिलेल्यांनाही मळणीची धूळ आणि बोअरचे जड पाणी चुकत नाही. ज्यांची त्वचा मुळातच नाजूक, त्यांचे गाल तोंड धुतल्यावर ओढल्यासारखे होतात, लाल पडतात, चुरचुरतात. त्यावर सल्ला ठरलेला असतो : लिंबू चोळा, खायचा सोडा लावा, घरचेच आहे, अपाय कसला?

अपाय होतो. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते; तिचा सामू म्हणजे पीएच साधारण 5 च्या आसपास असतो. हे आम्ल आवरण त्वचेतील ओलावा राखते आणि जंतूंना रोखते. नेहमीच्या साबणाचा सामू 9 ते 10, सोड्याचा 8 च्या वर, तर लिंबाच्या रसाचा 2 च्या जवळपास. सामू एका अंकाने बदलला की आम्लता दहापटीने बदलते. म्हणजे लिंबाचा रस त्वचेच्या तुलनेत सुमारे हजारपट आम्ल असतो. शिवाय कागदी लिंबाच्या रसातील काही द्रव्ये उन्हात त्वचा भाजून काढतात आणि मागे काळे डाग राहतात. दिवसभर उन्हात राबणाऱ्यांनी तर लिंबू चेहऱ्यापासून दूरच ठेवावे. जड पाण्यात साबणाचा साका तयार होतो, तो त्वचेवर चिकटून राहतो आणि चुरचुर वाढवतो.

जे खाल्ले तर चालते ते चोळलेही चालते, हा समजही तपासावा लागेल. जपानमध्ये चेहरा धुण्याच्या एका लोकप्रिय साबणात गव्हाच्या प्रथिनाचा अंश होता. तो वापरणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी जडल्याचे 2010 नंतर उघड झाले. रोजची पोळी-ब्रेड त्यांना खाता येईना. खरचटलेल्या, चिरलेल्या त्वचेतून अन्नातील प्रथिने आत शिरली, की शरीर त्यांना शत्रू मानू शकते.

मग घरी काही करूच नये का? करावे, पण साधे आणि थोडे. साखर-मसाला नसलेले साधे ओट्स मिक्सरमध्ये बारीक दळून मैद्याच्या चाळणीने चाळून घ्यावेत आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावेत. ओट्समधील काही घटक खाज आणि दाह कमी करतात, हे वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. वापरताना चमचाभर पीठ कोमट पाण्यात पातळ कालवावे, बोटांनी हलकेच पसरावे आणि अर्ध्या मिनिटात धुऊन टाकावे. घासू नये. शक्य असेल तर शेवटचा हबका फिल्टरच्या पाण्याचा मारावा. चेहरा टॉवेलने टिपून, ओलसर असतानाच सुगंध नसलेले मॉइश्चरायझर लावावे. हे संध्याकाळी एकदाच; सकाळी नुसते पाणी पुरते. कालवलेले पीठ दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये, कारण त्यात जंतू वाढतात. त्यात हळद, लिंबू, अत्तर, कापूर काहीही घालू नये.

पहिल्यांदा वापरण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावे. खाज किंवा पुरळ आले तर ते आपल्यासाठी नाही, असे समजावे. इसब असलेल्या मुलांना, तसेच ओरखडे किंवा चिरा पडलेल्या चेहऱ्याला कोणतेही पीठ लावू नये. तिथे स्वच्छ पाणी आणि व्हॅसलिन पुरेसे आहे.

याहून मोठा धोका दुकानात मिळणाऱ्या ट्यूबचा आहे. स्टेरॉइड असलेले मलम लावले की लाली दोन दिवसांत जाते, म्हणून ते आवडते. पुढे त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात आणि मलम थांबवताच आग दुप्पट होते. अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा आदेश केंद्र सरकारने 2018 मध्ये काढला. तो गावोगावच्या दुकानांत कितपत पाळला जातो, हे प्रशासनाने पाहायला हवे. लाली दोन-तीन आठवड्यांत न ओसरल्यास, पाणी सुटल्यास किंवा फोड आल्यास अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ आहे.

टोळ्या निघण्यापूर्वीच्या आरोग्य तपासणीत त्वचेविषयी दोन प्रश्न विचारले आणि व्हॅसलिनची एक डबी हातात दिली, तर त्याला फार पैसा लागणार नाही. चेहऱ्याची आग ही सौंदर्याची हौस नसून आरोग्याची तक्रार आहे, एवढे मान्य करणे मात्र लागेल.