प्रक्षिप्ताचा आसरा

श्रद्धाळू वाचकाच्या वाट्याला त्याच्याच ग्रंथातले एखादे स्थळ असे येते, की तेथे पान उलटून पुढे जावेसे वाटते. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडातील शंबूकवध हे अशांपैकी एक. प्रचलित पाठात ही कथा ७३ ते ७६ या सर्गांत येते. एक ब्राह्मण आपल्या मुलाचे प्रेत घेऊन राजद्वारी येतो आणि या अकाली मृत्यूचा दोष राजाला देतो. कोणी शूद्र तप करीत आहे म्हणून हे घडले, असा निर्वाळा नारद देतात. राम पुष्पक विमानातून शोधाला निघतो. दक्षिणेकडे एका सरोवराकाठी, डोके खाली करून तप करणारा एक तापस त्याला दिसतो. राम त्याला त्याचा वर्ण विचारतो. देवलोक जिंकण्याच्या इच्छेने तप करणारा मी शूद्र आहे, मी खोटे बोलत नाही, असे तो सांगतो. त्याचे बोलणे चालू असतानाच राम तलवार उपसून त्याचे मस्तक उडवतो. देव पुष्पवृष्टी करतात, आणि तिकडे ते मूल उठून बसते.

प्रस्तुत लेखकाला राम प्रिय आहे, आणि जन्मावरून कोणाचा तपाचा अधिकार हिरावला जाऊ नये हेही त्याला तितकेच मान्य आहे. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा, या प्रश्नावर आपल्याकडे काही तयार उत्तरे आहेत. ती देणारे बहुधा सज्जन असतात. तरीही ही उत्तरे सज्जनपणाच्या आड सत्याला बगल देतात, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

पहिले उत्तर विद्वत्तेचे आहे: उत्तरकांड मागाहून जोडलेले आहे, सबब हा प्रसंग प्रक्षिप्त. बालकांड आणि उत्तरकांड हे मूळ काव्याचे भाग नव्हेत, असे हेर्मान याकोबी यांनी १८९३ साली आपल्या रामायणविषयक ग्रंथात प्रतिपादले आणि पुढे अनेक अभ्यासकांनी ते मान्य केले, हे खरे आहे. पण हे शस्त्र दुधारी आहे. बालकांडाबरोबर रामजन्म जातो, अहल्येचा उद्धार जातो, सीतेचे स्वयंवर जाते. चैत्र शुद्ध नवमीला पाळणा हलवताना ज्याला बालकांडाच्या उत्तरकालीनतेची आठवण होत नाही, त्याला ती शंबूकाचे नाव निघताच का व्हावी? नको ते तेवढे प्रक्षिप्त, असा हा न्याय झाला. त्याला पाठचिकित्सा म्हणता येणार नाही. शिवाय बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीतही हा प्रसंग कायम आहे. तो मूळ कवीचा नसेलही. परंतु आज उपलब्ध असलेल्या हस्तलिखितांच्या परंपरेने तो आपला मानला आहे.

दुसरे उत्तर कनवाळू आहे: रामाच्या हातून मरण आल्यामुळे शंबूकाला सद्गती मिळाली. कालिदासाने 'रघुवंशा'च्या पंधराव्या सर्गात हेच सुचवले. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त वधानंतर शंबूक दिव्य रूप धारण करतो आणि रामाचे आभार मानतो. रामटेकच्या डोंगरावर धूम्राक्षाच्या रूपाने शंबूकाचे ठाणे मानले जाते, त्यामागेही हीच समजूत आहे. पण वाल्मीकीच्या पाठात देव रामाची प्रशंसा नेमकी कशासाठी करतात? त्याच्यामुळे हा शूद्र स्वर्गाला पोचू शकला नाही, यासाठी! मूळ कथेने ज्याला स्वर्ग नाकारला त्याला नंतरच्या कवींनी मोक्ष दिला, यात त्यांच्या मनाची अस्वस्थता दिसते, आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. तरीही मारणाऱ्याचे ओझे हलके करण्यासाठी मेलेल्याकडून आभार वदवून घेणे, हा त्या मेलेल्यावर दुसरा अन्याय आहे.

तिसरा मार्ग मौनाचा. तुलसीदासांच्या 'रामचरितमानसा'त शंबूकवध नाही, सीतात्यागही नाही. कवीला हा अधिकार आहे. पण कवीच्या निवडीला वाचकाने पुराव्याचे स्थान देऊ नये. मानसात नाही म्हणून परंपरेत नाही, असे म्हणता येत नाही.

चौथा मार्ग कथा बदलण्याचा. कुवेंपू यांच्या १९४४ सालच्या 'शूद्र तपस्वी' या कन्नड नाटकात रामाचे अस्त्र शंबूकावर न चालता त्या ब्राह्मणावर उलटते आणि त्याला पश्चात्ताप होतो. जुनी कथा अशी बदलावी का, असा आक्षेप मास्ती वेंकटेश अय्यंगार यांनी घेतला होता. त्या वादात माझे मन कुवेंपूंच्या बाजूला आहे, कारण आपण काय बदलतो आहोत हे ते लपवत नाहीत. मात्र त्यांच्या नाटकाने वाल्मीकीचा राम निर्दोष ठरत नाही. उलट ते नाटक लिहावे लागले, हीच मूळ कथेविरुद्धची साक्ष आहे.

या सर्व उत्तरांत एक समान गृहीत आहे: ग्रंथात जे आहे ते मान्य करावेच लागते, म्हणून अमान्य असेल ते ग्रंथात नाही असे दाखवले पाहिजे. म्हणजे सदसद्विवेकाने न्याय द्यायचा, पण निकालपत्रावर सही मात्र ग्रंथाची घ्यायची. डॉ. आंबेडकरांनी लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, परंतु परिषदच रद्द झाल्याने होऊ न शकलेल्या, १९३६ सालच्या भाषणात या गृहीतावरच बोट ठेवले आहे. शास्त्रांचा खरा अर्थ निराळा आहे असे सांगून भागणार नाही, लोकांनी तो कसा मानला हे महत्त्वाचे, असा त्यांचा युक्तिवाद होता. गांधीजींनी त्यावर आक्षेप घेतला, तेव्हा अस्सल वचने कोणती व घुसडलेली कोणती हे सामान्य जनांना ठाऊकच नसते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्याच भाषणात शंबूकाचाही उल्लेख आहे. चातुर्वर्ण्य टिकवायचे तर त्यामागे दंडशक्ती हवी आणि राजा म्हणून राम तेच करीत होता, हे त्यांचे वाचन. रामाची बाजू सावरणाऱ्या कितीतरी भाष्यांपेक्षा ते मूळ कथेशी अधिक इमान राखते.

यावर दोन बाजूंनी एकच प्रश्न येतो. सनातनी विचारतो, ग्रंथ अमान्य तर राम कशाला हवा? नास्तिकही तेच विचारतो. दोघेही प्रामाण्य आणि प्रेम यांची गल्लत करतात. आपल्या संतांनी ती केली नाही. विठ्ठलाशी भांडणारी, त्याला शिव्याशाप देणारी जनाबाई अभक्त होती काय? महाद्वाराबाहेर उभ्या राहिलेल्या चोखोबांनी देवाला जाब विचारला, तो त्याला सोडून जाण्यासाठी नव्हे. ज्याच्याशी नाते आहे त्याच्याशीच भांडता येते. मात्र भांडण खरे असायचे, तर ज्याबद्दल भांडायचे ते नाकारून चालत नाही.

'तो काळच वेगळा होता' ही शेवटची पळवाट राहते. तिला उत्तर रामायणच देते. क्रौंच पक्ष्याच्या जोडीतला एक व्याधाच्या बाणाने पडला आणि त्या शोकातून श्लोक जन्मला, असे हे काव्य स्वतःच्या उत्पत्तीविषयी सांगते. तेथे मारणाऱ्याला शाप मिळतो. ज्या परंपरेला एका पाखराच्या मरणाचे इतके दुःख कळले, तिला माणसाच्या मरणाचे कळण्याजोगा काळ नव्हता, असे कसे म्हणावे? शंबूकाला न्याय देण्याचे माप बाहेरून आणावे लागत नाही. ते त्याच ग्रंथाच्या आरंभी ठेवलेले आहे.

भवभूतीने ते वापरले. त्याचा राम तलवार चालवण्यापूर्वी आपल्या उजव्या हाताशी बोलतो: गर्भवती सीतेला घालवून देणाऱ्या रामाचा तू अवयव, तुला करुणा कोठून असणार? पुढे हाच कवी शंबूकाकडून आभार वदवतो, हे खरे. पण तो हात उगारण्याच्या क्षणी त्याने कथा वगळली नाही आणि समर्थनही केले नाही.

म्हणून पारायण करणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे: शंबूकाचे सर्ग गाळू नका, आणि त्यांना प्रक्षिप्ताच्या आड दडवूही नका. ते मोठ्याने वाचा. वाचून झाल्यावर, हे आम्हांला मान्य नाही, असे तितक्याच मोठ्याने म्हणा. आणि मग पोथीला नमस्कार करायचा असेल तर करा.