सड्यावरचा ठेवा आणि ‘पोटखराब’ दृष्टी

कोकणातील सडा ही महसुली दप्तराच्या लेखी बहुतांशी पोटखराब जमीन. पीक नाही, म्हणून मोल नाही! याच जांभ्या कातळावर आपल्या पूर्वजांनी हत्ती, गेंडे, मासे आणि आजवर अर्थ न लागलेल्या भौमितिक आकृत्या कोरून ठेवल्या आहेत. राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर बाय १३ मीटर एवढा प्रचंड असून त्याच्या देहरेषेच्या आत इतर अनेक प्राण्यांची चित्रे आहेत. बारसूच्या सड्यावर दोन श्वापदांच्या मधोमध उभा मनुष्य दिसतो. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील अशाच दृश्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु तेवढ्यावरून नाते जोडण्याची घाई करू नये. या शिल्पांच्या काळाविषयी विद्वानांत अद्याप एकमत नाही. शेतीची दृश्ये त्यांत फारशी आढळत नाहीत, त्यामुळे ती शिकारीवर जगणाऱ्या समाजाची असावीत, असा तर्क मात्र केला जातो.

आता शासनाचा कारभार पाहा. २०२२ साली कोकणातील आठ आणि गोव्यातील एक अशी नऊ कातळशिल्पस्थळे युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत गेली. बारसू त्यांपैकी एक. त्याच वर्षी राज्य शासनाने तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी केंद्राला जागा सुचवली, तीही बारसू परिसरातीलच! २०२३ च्या एप्रिलमध्ये तेथे माती परीक्षण सुरू झाले, ग्रामस्थ रस्त्यावर उतरले आणि सगळा वाद ‘प्रकल्प हवा की नको’ एवढ्यापुरता उरला. कोकणातील तरुणाला गावाजवळ रोजगार मिळालाच पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु जागा सुचवण्यापूर्वी त्या कातळावर काय आहे, हे पुरातत्त्वज्ञांकडून तपासून घेण्यास कोणी मज्जाव केला होता?

नागार्जुनसागर धरणाच्या वेळी हे भान दाखवले गेले होते. १९५४ ते १९६० या काळात नागार्जुनकोंड्याच्या खोऱ्यात मोठे उत्खनन झाले आणि इक्ष्वाकूंच्या राजधानीतील काही वास्तू पाणी चढण्यापूर्वी उचलून टेकडीवर पुन्हा उभारण्यात आल्या. बरेच बुडाले, पण त्याची नोंद तरी उरली. कातळशिल्पांना ही पळवाटही नाही. ज्या कातळात ती कोरली, तो कातळच त्यांचा देह आहे. तो फुटला की शिल्प संपले.

कायद्याची अडचण निराळीच आहे. संरक्षित म्हणून घोषित झालेल्या केंद्रीय स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे. परंतु जे अजून घोषितच झालेले नाही, किंबहुना गवताखाली दडलेले आहे, त्याला वाली कोण? युरोपातील देशांनी १९९२ च्या व्हॅलेटा करारान्वये विकासकामाच्या आराखड्यातच पुरातत्त्वीय तपासणी आणि तिचा खर्च धरण्याचे मान्य केले. आपल्याकडे अशी तपासणी आजही अधिकाऱ्याच्या मर्जीवर आणि स्थानिक अभ्यासकांच्या पायपिटीवर अवलंबून आहे.

सारा दोष शासनाच्या माथी मारून मोकळे होणेही प्रामाणिकपणाचे नाही. मोठा प्रकल्प निदान डोळ्यांना दिसतो. चिरेखाणी मात्र रोज थोडा थोडा सडा कापत असतात आणि तो चिरा आपल्याच घरांच्या भिंतींत बसतो. कलमांसाठी सुरुंग लावून कातळात खड्डे पाडणारे कोणी परके आक्रमक नाहीत. आपलेच आप्त आहेत.

रत्नागिरीजवळच्या उक्षी गावाने कातळशिल्पाभोवती चिऱ्यांचा गडगा घालून ते राखले. त्यासाठी ग्रामस्थांनी मोठ्या अनुदानाची वाट पाहिली नाही. शासनाने निदान दोन गोष्टी तातडीने कराव्यात. ज्ञात असलेल्या प्रत्येक शिल्पाची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात करावी, म्हणजे जमीन विकत घेणाऱ्याला ‘ठाऊक नव्हते’ असे म्हणता येणार नाही. आणि चिरेखाणीचा परवाना देण्यापूर्वी त्या सड्याची पाहणी सक्तीची करावी. पावसाळा सरून गवत वाळले की सडा मोकळा होतो. त्या वेळी आपल्या गावचा कातळ पायाखाली घालून शिल्पांची माहिती तलाठ्याकडे व पुरातत्त्व विभागाकडे लेखी देणे, हे काम गावोगावच्या कार्यकर्त्यांना याच हिवाळ्यात करता येण्याजोगे आहे.