पन्ह्याचा पेला कोणाचा?

चैत्र उजाडला की सुरतेच्या भाजीबाजारात कैऱ्यांचे ढीग दिसू लागतात. प्रथम येतात त्या कोवळ्या, कोय न धरलेल्या, मग चटणी-लोणच्याच्या, आणि त्यांच्या पाठोपाठ ती थोराड राजापुरी, जिचा गुजराती गृहिणी छुंदा घालतात. वलसाडचा हापूस व तलालाचा केसर यांना अजून अवकाश असतो. आंब्याची खरी चैन रसाची, असे पुष्कळांचे मत आहे आणि ते खोडून काढण्याची आमची इच्छा नाही. परंतु उन्हातून घरी आलेल्या माणसाला हुशारी येते ती कच्च्या आंब्याच्या पन्ह्यानेच.

पन्हे करणे अगदी सोपे आहे. कैरी उकडावी किंवा निखाऱ्यावर भाजावी, गर काढावा, त्यात गूळ वा साखर, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड कालवावी, व पिण्याच्या वेळी माठातील गार पाणी मिळवावे. गर फार आंबट असल्यास दुप्पट गूळही लागतो. साखरेचे पन्हे दिसावयास देखणे, गुळाचे चवीला खमंग. आमचा कौल गुळाला. शेजारच्या गुजराती घरात हेच पेय जिरे घालून होते व त्यास बाफलो म्हणतात. आम्हां कोंकणी बोलणाऱ्यांच्या घरी ह्या दिवसांत भिरंडांचीही धांदल असते. भिरंड म्हणजे आपले रातांबे. त्यांच्या साली साखरेच्या थरांत घालून उन्हात ठेवल्या की जो लाल रस सुटतो, त्याचे अमृतकोकम वर्षभर पुरते. सुरतेच्या मागांवर राबणारे गंजाम जिल्ह्यातील उडिया बांधव तर मेष संक्रांतीला, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, आपले नववर्ष बेलफळाच्या सरबताने साजरे करतात. त्या सणाचे नावच पणा संक्रांती! पणा काय आणि पन्हे काय, दोन्ही शब्द संस्कृतातील ‘पानक’ ह्या एकाच शब्दाची लेकरे.

आपल्या मराठी घरांतून हे पन्हे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मानाने येते. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते व अक्षय्य तृतीयेपर्यंत, महिनाभर, माहेरपण भोगते. त्या अवधीत सोयीच्या दिवशी आरास मांडून शेजारणींना बोलवावयाचे, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरावयाची, वाटीभर आंब्याची डाळ व पेलाभर पन्हे द्यावयाचे, असा हा गोड प्रघात आहे. आमच्या शाळेतील पुष्कळ मुलांची घरे मूळची खानदेशातील. त्यांच्याकडे अक्षय्य तृतीयेची आखाजी होते. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली घागर पुजून आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य दाखविल्याखेरीज कित्येक घरांत त्या वर्षीचा आंबा तोंडात घालीत नाहीत. एवंच चैत्र-वैशाखातील ह्या सणांचे दान म्हणजे पाणी. उदकुंभ द्यावा, पाणपोई घालावी, तहानलेल्याचा जीव निववावा, हाच त्यांचा गाभा.

आणि म्हणूनच एक गोष्ट आम्हांस फार खटकते. ह्याच हळदीकुंकवाच्या दिवशी घरातील एखादी आजी, आत्या किंवा ऐन तारुण्यात पती गमावलेली काकू स्वयंपाकघरात बसून राहते. कैऱ्या तिनेच उकडलेल्या असतात. गुळाचा अंदाज साऱ्या घरात तिच्याइतका कोणाला नसतो. पण बैठकीत पेले फिरू लागले की ती दिसत नाही. तिला कोणी ‘येऊ नकोस’ म्हणत नाही. म्हणावे लागत नाही, एवढी ती रीत तिच्या अंगवळणी पडलेली आहे.

जुनी मंडळी म्हणतील, हा सवाष्णींचा सण, त्यात तुम्ही शाळामास्तरांनी कशाला पडावे? ह्याचे उत्तर सुरतेनेच दिलेले आहे. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर ह्या गावी शिक्षक होते आणि १८४४ साली येथे ज्यांनी मानवधर्मसभा काढली, त्यांत ते व गुजराती शिक्षक दुर्गाराम मेहताजी हे प्रमुख होते. दुर्गारामांनी विधवाविवाहाची बाजू उघडपणे मांडली. पुढे सुरतेच्याच कवी नर्मदांनी तीच बाजू लेखणीने लढविली. शाळामास्तरांनी अशा गोष्टींत पडण्याची रीत ह्या शहरात तरी जुनी आहे. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडचे घ्या. मे २०२२ मध्ये तेथील ग्रामसभेने पतिनिधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे ह्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि महाराष्ट्र शासनाने त्याच महिन्यात तो कित्ता इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. एका खेड्याला जे जमले ते आपल्या सोसायटीच्या चार भिंतींत जमू नये काय?

कुंकू लावावे की नाही हे त्या स्त्रीने स्वतः ठरवावे. आम्ही कोणावर जबरदस्ती सुचवीत नाही. परंतु पन्ह्याला असली अट कोणत्या शास्त्राने घातली? तहान सवाष्णीलाच लागते असे तर नाही. तेव्हा आमचे म्हणणे असे की, येत्या चैत्रात आमंत्रण घरोघर ‘सर्व बायकामाणसांना’ असे जावे, आणि पहिला पेला घरातील वडीलधाऱ्या बाईच्या हाती द्यावा, मग तिच्या कपाळी कुंकू असो वा नसो.

हे काम विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे. वार्षिक परीक्षेची धामधूम ह्याच दिवसांत असते हे आम्ही विसरलो नाही, पण पेपर आटोपल्यावर गौरीच्या महिन्यातील एखादी संध्याकाळ मिळतेच. मुलींना ही कामे नवी नाहीत. मुलग्यांनी मात्र कैरी किसणे, डाळ वाटणे, पेले विसळणे शिकून घ्यावे, त्यात कमीपणा मानू नये. आजीला विचारावे, ती सांगेल तसे करावे, आणि तिला हाताला धरून बाहेर आणावे. ती एकदम येणार नाही. ‘मला काय करायचंय बाळा, तुम्ही घ्या’ असे म्हणेल. तेव्हा पेला घेऊन तिच्यापाशी बसावे.

आता खर्चाविषयी. बाटलीतले रंगीत पेय आणले की काम झटपट होते, असे सांगणाऱ्या गृहिणी आम्हांस भेटतात. त्यांची वेळेची अडचण खरी आहे. पण एका मध्यम कैरीत तीन-चार पेले पन्हे सहज होते, आणि गर आदल्या दिवशी काढून गुळात कालवून ठेवला तर ऐन वेळी पाणी घालण्याइतकेच काम उरते. राजापुरी मोठी म्हणून मोह पडतो, तरी पन्ह्याला ती घेऊ नये. लहान, घट्ट, आंबट कैरी पाहून घ्यावी. आणि दहा पेले मोजून केले असतील तर पंधरा करावेत. खालच्या मजल्यावरील उडिया कुटुंबाला व जिन्यात बसलेल्या रखवालदारालाही त्यांतूनच द्यावयाचे आहेत.