अंतराळातली शाळा

'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन' या अमेरिकी मालिकेतलं अंतराळ स्थानक मी पाहुणा होऊन हिंडतो. एकाच रस्त्यावर मंदिर, बार आणि शाळा. १९९३ च्या एका भागात शिक्षिका कायको अवकाशातल्या बोगद्याचं विज्ञान शिकवते. धर्मगुरू विन बजावते, तिथं आमचे देव राहतात, हे शिकवणं थांबवा. पालक मुलं काढून नेतात, शाळेत स्फोट होतो. कायको धडा बदलत नाही. मात्र जेक त्या श्रद्धेला मूर्खपणा म्हणतो, तेव्हा त्याचे वडील, कमांडर सिस्को, समजावतात की याच श्रद्धेच्या बळावर हे लोक गुलामीत तगले.

मला दोघंही पटतात. आपल्या वर्गात अजान ऐकून आलेलं आणि आरती करून आलेलं मूल एका बाकावर बसतं. उत्क्रांतीचा धडा दोघांनाही पूर्ण मिळावा, आणि घरच्या श्रद्धेपायी कुणाला मान खाली घालावी लागू नये.