फीत कापून झाल्यावर लागणारा पैसा

सार्वजनिक बागांसाठी खासगी पैसा घ्यावा का, यावर वाद सुरू झाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, पालिकेला जमत नाही, देऊन टाका कंपन्यांना. दुसरा म्हणतो, आज बाग देतील, उद्या भूखंडच देतील. मुंबई महानगर परिसरातल्या एका महापालिकेच्या उद्यान खात्यात माझी सगळी नोकरी झाली. त्या अनुभवावरून सांगते, पैसा कुणाचा याइतकाच तो कशासाठी आणि किती वर्षं मिळणार, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. खासगी पैसा हवाच. पण तो उद्घाटनाला नको, माळ्याच्या पगाराला हवा.

माझ्या अखत्यारीतल्या एका बागेला एका कंपनीने रंगीत दिव्यांचं कारंजं दिलं. हेतू चांगला होता, कामही नीट झालं होतं. पण कारंज्याच्या शेजारी दोन जुने गुलमोहर होते. त्यांची बारीक पानं रोज पाण्यात पडायची आणि फवाऱ्याच्या तोट्या बंद व्हायच्या. त्या साफ करायला माणूस हवा होता, तो करारात नव्हता. विजेचं बिल कुणी भरायचं, तेही लिहिलेलं नव्हतं. पहिल्याच पावसाळ्यात मोटरच्या खड्ड्यात पाणी शिरलं आणि मोटर जळाली. ती दुरुस्त करायला आमच्याकडे लेखाशीर्ष नव्हतं आणि कंपनीचं आर्थिक वर्ष संपलेलं होतं. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या तेव्हा आम्ही हौद मातीने भरून टाकला आणि त्यात कर्दळ लावली. कंपनीच्या नावाचा ग्रॅनाइटचा फलक मात्र शेवटपर्यंत शाबूत होता. त्या कारंज्याच्या खर्चात त्याच बागेत दोन माळी कित्येक वर्षं ठेवता आले असते, याची हळहळ मला आजही वाटते.

बागेला रोज काय लागतं, ते सोपं आहे. पाणी, माणूस आणि स्वच्छ स्वच्छतागृह. यातलं माणूस सर्वांत महाग आणि सर्वांत दुर्लक्षित. कायम माळी निवृत्त होतात, जागा भरल्या जात नाहीत, मग कंत्राट निघतं. निविदा बदलली की माणसंही बदलतात. नव्या माणसाच्या हातात कोयता असतो, पण कुठलं झाड कुठल्या बाजूला कललंय, पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत कुठल्या फांदीला हात लावायचा नाही, हे त्याला कोण सांगणार? मुंबईत रेन ट्रीवर पिठ्या ढेकूण आला आणि मोठमोठी झाडं वाळली, ते बहुतेक मुंबईकरांनी पाहिलं आहे. आमच्याकडच्या एका जुन्या माळ्याला एका रेन ट्रीच्या फांद्यांवर कापूस चिकटल्यासारखं पांढरं दिसलं, ते झाड अजून हिरवं असताना. पंधरा वर्षं तो रोज त्याच झाडाखाली डबा खात होता, म्हणून दिसलं. असं लक्ष टेंडरमध्ये लिहून मिळत नाही. एकाच माणसाला एकाच बागेत वर्षानुवर्षं ठेवलं तरच ते मिळतं.

भागीदारी नीट बांधली तर काय होतं, याचा दाखला राणीच्या बागेतच आहे. १८७२ साली लोकांसाठी खुलं झालेलं, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखलं जाणारं संग्रहालय. २००३ साली मुंबई महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि वारसा जतन करणारी संस्था इंटॅक यांच्यात करार झाला आणि जीर्णोद्धार सुरू झाला. २००५ साली युनेस्कोने या कामाला आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च वारसा पुरस्कार दिला आणि २००८ च्या सुरुवातीला संग्रहालय पुन्हा उघडलं. पुरस्कारापेक्षा मला करार मोठा वाटतो. महापालिकेने मालकी सोडली नाही, दात्याने नुसता धनादेश देऊन पाठ फिरवली नाही आणि कामाची जाण असलेली तिसरी संस्था पहिल्या दिवसापासून सोबत होती.

न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ८४३ एकरांचं. सत्तरच्या दशकात ते शहर दिवाळखोरीच्या दारात होतं आणि पार्कची रया गेली होती. १९८० साली नागरिकांनी आणि देणगीदारांनी सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी उभी केली. तिच्याशी शहराने व्यवस्थापनाचा रीतसर करार केला तो १९९८ मध्ये, म्हणजे अठरा वर्षं काम पाहिल्यावर. जमीन आजही शहराची आहे आणि आत जायला पैसे पडत नाहीत. पार्कचे वेगवेगळे भाग तिथे वेगवेगळ्या माळ्यांना नेमून दिलेले असतात, आपला भाग नीट ठेवण्याची जबाबदारी त्या माळ्याची. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या खात्यातल्या प्रत्येक माळ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

आपल्याकडच्या लोकांचा संशय खोटा नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. मुंबईत मोकळे भूखंड देखभालीसाठी संस्थांना दिले गेले, त्यातल्या काही ठिकाणी क्लब उभे राहिले, सभासदत्वाची फी लागली आणि शेजारच्या चाळीतल्या मुलांना फाटकातूनच परतावं लागलं. २०१६ च्या जानेवारीत महापालिकेने मोकळ्या जागांचं नवं धोरण मंजूर केलं, तेव्हा नागरिक खवळले ते याच अनुभवामुळे. मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. ज्या शहरात माणशी मोकळी जागा आधीच तुटपुंजी आहे, तिथे एक गुंठाही कुलपाआड जाता कामा नये. म्हणून करारात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात. नवं बांधकाम नाही, प्रवेश फी नाही, आणि फाटकाच्या वेळा ठरवण्याचा अधिकार पालिकेचाच.

आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. दाते जिथे राहतात तिथल्या बागांना पैसे देतात. दक्षिण मुंबईतल्या मैदानाला पालक मिळतो, मानखुर्द-गोवंडीतल्या मैदानाला मिळत नाही, आणि खरी गरज तर तिथेच आहे. न्यूयॉर्कमध्येही हेच झालं होतं. २०१५ साली तिथल्या प्रशासनाने श्रीमंत पार्कांच्या संस्थांना गरीब वस्त्यांतल्या बागांसाठी हातभार लावायला तयार केलं. आपल्या महापालिकांनी हा नियमच करावा. बागेसाठी येणाऱ्या प्रत्येक देणगीचा चौथा हिस्सा दाता न मिळालेल्या बागांच्या सामाईक निधीत जावा. ज्याला हे मान्य नसेल त्याची देणगी नम्रपणे परत करावी.

समाजमंदिरांचं दुखणंही बागांसारखंच: बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. इमारत आमदार निधीतून उभी राहते, पंखे आणि ट्यूबलाइट कुणीतरी भेट देतं आणि मग हॉल लग्नाला भाड्याने जातो, कारण वीजबिल भरायला दुसरा मार्ग नसतो. माझ्या नोकरीतल्या एका बागेला लागून अशीच एक अभ्यासिका होती. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसं राहतात त्या घरांतली मुलं तिथे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची. ती रात्री नऊला बंद व्हायची, कारण रखवालदाराची पाळी नऊला संपायची. एका स्थानिक व्यापाऱ्याने दुसऱ्या पाळीच्या रखवालदाराचा पगार आणि विजेचं बिल उचललं. नवी वीट नाही, फलक नाही. अभ्यासिका पहाटेपर्यंत उघडी राहू लागली, आणि पावसाळ्यात तर बसायला जागा पुरेना. इतक्या थोड्या पैशांत इतकं मोठं काम झालेलं मी दुसरं पाहिलं नाही.

कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं २०१४ पासून बंधनकारक आहे. वर्ष संपायच्या आत पैसा संपवायचा म्हणून कारंजी आणि कमानी होतात, असं मला सांगितलं जाई. पण २०२१ च्या सुधारित नियमांनी चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष धरून चार वर्षांची मुदत दिली आहे. म्हणजे माळ्याचा चार वर्षांचा पगार बांधून देता येतो. पालिकांनी प्रत्येक बागेचा आणि समाजमंदिराचा देखभालीचा वार्षिक खर्च काढून जाहीर करावा: माळी किती, पाणी किती, वीज किती. दात्याने त्यातली एक ओळ उचलावी आणि चार वर्षं निभवावी. करार मराठीत छापून फाटकावर लावावा. त्यात माळ्याचं नाव असावं, दात्याचं असावं आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा फोन नंबरही.