जुनी छाया, नवा वेष

जिन्यालगतच्या भिंतीवरून एक छाया वर चढत जाते. पाठ वाकलेली, बोटे नखांसह लांबच लांब झालेली. आणि ज्याची ती छाया, तो देह मात्र कोठेच दिसत नाही. चित्रपटाच्या इतिहासात रस असणाऱ्या रसिकांना हे दृश्य ठाऊक असते. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांनीही छायाचित्रात ते पाहिलेले असते. फ्रीडरिश विल्हेल्म मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाचा 'नोस्फेरातू' हा मूकपट ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनमध्ये प्रथम दाखविण्यात आला. त्याला आता शतक उलटून गेले. या शतकात रजतपटाला वाचा फुटली, रंग चढले, नसलेली सृष्टी यंत्राच्या साहाय्याने उभी करण्याची किमया माणसाने हस्तगत केली. पण ती छाया काही पुसली गेली नाही. रॉबर्ट एगर्स या अमेरिकन दिग्दर्शकाने २०२४ साली तिला पुन्हा एकदा देह दिला. मूळ कथा ज्या १८३८ सालात घडते तेच साल, उत्तर जर्मनीतील तेच कल्पित विस्बोर्ग शहर, आणि मेणबत्तीपासून पोशाखाच्या गुंडीपर्यंत सारे त्या काळाला धरून, असा हा घाट आहे. छायाचित्रण, वेशभूषा, कलादिग्दर्शन आणि रंगभूषा यांसाठी त्याला ऑस्करची चार नामांकने लाभली. आणि अभिजात कृतीला पुन्हा हात लावावा की लावू नये, हा जुनाच वाद नव्याने पेटला. त्या वादात आम्हांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत.

आरंभी शब्दाविषयी थोडेसे. कबरीतून उठून जिवंतांचे रक्त पिणाऱ्या या प्रेताला इंग्रजीत 'व्हॅम्पायर' म्हणतात. रिचर्ड बर्टनने १८७० साली विक्रम-वेताळाच्या कथा इंग्रजीत नेल्या, तेव्हा वेताळालाही त्याने हेच नाव चिकटविले. त्यातील चूक गोमंतकीय वाचकाला सांगावयास नको. आमचा वेताळ रात्री हिंडतो तो गावाची राखण करीत. हिंडून हिंडून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला नव्या वहाणा अर्पण करतात. मुर्नाऊचा सरदार ओर्लोक हिंडतो तो गाव रिता करीत. एकाच्या हातात राखण, दुसऱ्याच्या दातात मृत्यू. तेव्हा भाषांतरकाराने केलेली ही सोयरीक बाजूस ठेवून आम्ही ओर्लोकला रक्तपिपासू पिशाच एवढेच म्हणणार आहोत.

अभिजात कृती पवित्र असते, तिला कोणी स्पर्श करू नये, असे म्हणणाऱ्यांचे एक वर्तुळ सर्वत्र असते. त्यांनी या मूकपटाचे जन्मवृत्त एकदा आठवून पाहावे. हा चित्रपटच मुळी चोरीतून जन्मलेला आहे. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ सालची. बर्लिनच्या 'प्राना' या नवख्या संस्थेने तिचे हक्क न घेताच पात्रांची नावे बदलली, लंडनच्या जागी जर्मन शहर आणले आणि ड्रॅक्युलाचा ओर्लोक केला. स्टोकर १९१२ सालीच वारला होता. पण त्याची विधवा फ्लोरेन्स स्टोकर खमकी निघाली. तिने न्यायालयात दाद मागितली. प्राना तोवर दिवाळखोरीत गेलेली, भरपाईला पैसा नाही. तेव्हा १९२५ साली चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट कराव्यात असा निर्णय झाला. बाईंची बाजू न्यायाची होती यात शंका नाही. तरीसुद्धा तो हुकूम अक्षरशः अमलात आला असता तर जग एका महान कलाकृतीला मुकले असते. काही प्रती देशोदेशी पांगल्या होत्या, त्या वाचल्या. पुढे तुकडे जुळवून, हरवलेल्या निळ्यापिवळ्या रंगछटा पुन्हा चढवून, त्यांतून चित्रपट उभा करण्यात आला.

या रंगछटांचेही एक महत्त्व आहे. त्या काळच्या फिल्मवर रात्रीचे चित्रण होत नसे. दिवसा चित्रण करून फीत निळी रंगवीत आणि प्रेक्षकाने ती रात्र समजावी असा संकेत होता. रंग उडालेल्या प्रतींत पिशाच भरदुपारी पेटी काखेत मारून गावातून चाललेले दिसे आणि लोक हसत. मौज अशी की, सूर्यप्रकाशाने पिशाच नष्ट होते ही आज सर्वांना पुरातन वाटणारी समजूत याच चित्रपटाने रूढ केली. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाही हिंडू शकत होता.

मग प्रश्न उरतो तो हा, की चोरलेली कथा, मोडकी संस्था आणि जप्तीचा हुकूम एवढे सारे भोवती असताना हा मूकपट शंभर वर्षे जगला कशाच्या बळावर? आमच्या मते, त्यातील १८३८ साल हा केवळ पडदा होता. पडद्यामागे १९२२ सालचा जर्मनी बसला होता. महायुद्ध संपून चारच वर्षे झालेली. घरोघरचे तरुण परत न आलेले. पाठोपाठ १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने उरलेल्यांतील अनेक नेलेले. स्वतः मुर्नाऊ त्या युद्धात वैमानिक म्हणून गेला होता. ओर्लोक ज्या गलबतातून येतो त्यातील मातीच्या पेट्यांत उंदीर असतात. गलबत बंदराला लागते तेव्हा त्यावर एकही खलाशी जिवंत नसतो. मग शहरात मरीची साथ पसरते, दारांवर खडूने फुल्या पडतात, आणि एका अरुंद रस्त्यातून शवपेटिका वाहणाऱ्या काळ्या माणसांची रांग संथपणे पुढे सरकते. ती रांग एलेन खिडकीतून पाहते. तिच्यासमवेत चित्रगृहातील प्रत्येक आई आणि प्रत्येक विधवा तेच पाहत होती. त्या प्रेक्षकांना पिशाचाची ओळख करून देण्याची गरज नव्हती. ते त्यांच्या घरून जेवून गेलेले होते.

भीतीची ही ताकद दुधारी असते, हेही येथेच सांगितले पाहिजे. पूर्वेकडून येणारा, वाकड्या नाकाचा, उंदरांसारख्या दातांचा परका आणि त्याच्यामागोमाग उंदीर व रोगराई, या प्रतिमेत ज्यूद्वेषाची छाया आहे असे अनेक समीक्षकांनी पुढे दाखवून दिले. मुर्नाऊच्या मनात तसे काही होते असे आम्ही म्हणणार नाही. पटकथाकार गालेन ज्यू होता. ओर्लोकचा हस्तक झालेला क्नोक रंगविणारा अलेक्झांडर ग्रानाखही ज्यू, आणि हिटलर सत्तेवर आल्यावर त्याला जर्मनी सोडून जावे लागले. परंतु प्रतिमा एकदा लोकांच्या मनात शिरली की ती निर्मात्याला विचारून वागत नाही. १९४० साली नाझींनी ज्यूंविरुद्ध काढलेल्या प्रचारपटात उंदरांच्या झुंडी दाखवून नेमके हेच साधले. परक्याचे भय दाखवून माणसांना माणसांवर सोडता येते, ही गोष्ट ज्यांनी परकी राजवट सोसली त्या भूमीतील वाचकांना नव्याने सांगावी लागू नये.

वेर्नर हेर्झोग यांनी १९७९ साली या कथेला दुसरा जन्म दिला, त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. हेर्झोग १९४२ साली जन्मलेले. आपल्या पिढीला चित्रपटकलेत वडील उरले नाहीत, म्हणून आजोबांकडे जावे लागले, अशी त्यांची भूमिका होती. नाझी काळाची दरी ओलांडून मुर्नाऊचा हात धरणे हेच त्यांच्या लेखी त्या पुनर्निर्मितीचे प्रयोजन होते. तोवर स्टोकरच्या कादंबरीचे हक्क संपले होते, म्हणून त्यांनी ड्रॅक्युलाला त्याचे मूळ नाव परत दिले. क्लाउस किन्स्कीचा ड्रॅक्युला मरू न शकण्याच्या शापाने कंटाळलेला, केविलवाणा आहे. साथीने ग्रासलेल्या शहराच्या चौकात, शवपेट्या आणि उंदीर यांच्यामध्ये मेजे मांडून माणसे शेवटचे जेवण जेवत आहेत, हे दृश्य त्यांनी स्वतःचे म्हणून घातले, आणि ते मुर्नाऊच्या शेजारी मांडण्याच्या योग्यतेचे आहे.

आता एगर्स. या दिग्दर्शकाने शाळकरी वयातच 'नोस्फेरातू'चा नाट्यप्रयोग बसविला होता. म्हणजे हा व्यापारी हिशेबाने घेतलेला विषय नव्हे, तो जन्माचा ध्यास आहे. काळाच्या अचूकपणाविषयी त्यांचा हट्ट प्रसिद्ध आहे. त्यांचा ओर्लोक लुप्त झालेल्या डेशियन भाषेचा अभ्यासकांनी घडविलेला नमुना बोलतो. टक्कल पडलेल्या उंदराचे रूप टाकून तो मिशीधारी, जाड लोकरी वस्त्रातला, कुजत चाललेला ट्रान्सिल्व्हानियन सरदार झाला आहे. वर सांगितलेल्या विषारी प्रतिमेपासून तो त्यामुळे दूर गेला, हे आम्हांस विशेष उचित वाटते. चंद्रप्रकाशातील दृश्यांतून रंग जवळजवळ काढून घेतले आहेत. मूकपटाच्या निळ्या रात्रीला दिलेले ते अभिवादनच म्हणावयाचे.

परंतु आमच्यासारख्या वाचकाला शंका येते ती येथेच. गुंडी बरोबर असली म्हणजे भीती बरोबर येते काय? आपल्याकडील ऐतिहासिक नाटकांत जरीच्या पगड्या आणि तलवारी अस्सल असून इतिहास मात्र पळून गेलेला आपण अनेकदा पाहिला आहे. एगर्स यांच्या चित्रपटातही काही भाग असा आहे की, तेथे दिव्याची वात पाहावी, भिंतीवरचा कागद पाहावा, आणि मनात काहीच हलू नये. गडावरील पहिली भेट सोडली तर पूर्वार्धातील बराचसा भाग आम्हांस संग्रहालयातून फिरल्यासारखा वाटला.

चित्रपट जिवंत होतो तो एलेनपाशी. मुर्नाऊची एलेन पुण्यशील बळी आहे. ग्रंथात वाचते आणि स्वतःला अर्पण करते. एगर्स यांची एलेन लहानपणीच्या एकाकीपणात, कोणीतरी सोबतीला यावे म्हणून अंधाराला साद घालते आणि अंधार तिला ओ देतो. पुढे तिचे लग्न होते, पती हुटर दूरदेशी जातो, आणि तिला झटके येऊ लागतात. ज्यांच्या घरी ती राहते ती माणसे दुष्ट नाहीत, सुशिक्षित, सुखवस्तू आहेत. डॉक्टर प्रामाणिक आहे. तो काय करतो? हिला निजतानाही चोळीचे बंद घट्ट आवळून निजवा म्हणतो, ईथर हुंगवतो, पलंगाला बांधतो. ती खरे तेच सांगत असते आणि त्या खोलीतील एकही माणूस ते ऐकत नाही. ऐकतो तो विद्यापीठातून हाकललेला, विक्षिप्त म्हणून ओवाळून टाकलेला एक वृद्ध पंडित. आणि तोही ऐकतो ते तिला वाचविण्यासाठी नव्हे, तिच्या मरणाने शहर वाचावे म्हणून. येथे १८३८ साल शोभेचे राहत नाही. येथे पोशाखच फास होतो, औषधच बेडी होते. देवघरात घुमणाऱ्या, अंगात येणाऱ्या सासुरवाशिणी ज्यांनी आपल्या आजोळी पाहिल्या आहेत, आणि त्यांना माडीवर कोंडून वैद्य-मांत्रिकांच्या हवाली करणारे सज्जन घरदारही पाहिले आहे, त्यांना हा भाग परका वाटणार नाही.

म्हणून आमचे मत असे की, या पुनर्निर्मितीचे समर्थन तिच्या अचूकपणात नाही. ज्या थोड्या ठिकाणी तो अचूकपणा एका स्त्रीच्या देहाला काचतो, तेथेच ते आहे. मुर्नाऊला १८३८ सालाच्या आडून आपल्या काळचे मरण दाखवावयाचे होते. एगर्स त्याच सालाच्या पोटातले भय बाहेर काढतात. शेवटही त्याला साजेसा. मुर्नाऊचा ओर्लोक पहाटेच्या उजेडात धुराच्या झुळकेसारखा विरून जातो आणि शहर मोकळे होते. एगर्स यांचा ओर्लोक विरत नाही. त्याचे प्रेत एलेनच्या देहावर पडून राहते, आणि दारात उभ्या राहिलेल्या पुरुषांना ते पाहावे लागते.

एक गोष्ट मात्र हरवली, आणि ती परत मिळणारी नाही. ती म्हणजे निःशब्दता. नव्या ओर्लोकचा घोगरा श्वास, पाताळातून यावा तसा त्याचा आवाज, संगीताचा कल्लोळ, यांनी अंगावर काटा येतो. नाही असे नाही. माक्स श्रेकचा ओर्लोक मात्र दारात नुसता उभा राहतो. तो काय बोलतो हे आपल्याला पाटीवर वाचावे लागते, आणि पाटी गेल्यावरही तो उभाच असतो.

दोन्ही चित्रपट एकामागून एक पाहून अशी तुलना करता येते, हे युरोपचे भाग्य. आपल्याकडे काय स्थिती आहे? बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली कोल्हापुरात 'सावकारी पाश' हा मूकपट काढला; तरुण शांतारामांनी त्यात शेतकऱ्याची भूमिका केली. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून गिरणीच्या शहरात फेकला गेलेला शेतकरी, हा त्या काळी कोणी हात न लावलेला विषय. पेंटरांनी स्वतःच १९३६ साली त्याचा बोलपट केला. मूळ श्रेष्ठ की पुनर्निर्मिती श्रेष्ठ, हा वाद आपण घालावयाचा कसा? मूळ मूकपट आज उपलब्ध नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले शाबूत असे तीसही हाती राहिलेले नाहीत. ते जाळा म्हणून कोणत्या न्यायालयाने हुकूम दिला नव्हता. फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्रा'चेही काही तुकडेच वाचले, आणि पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन व्हावयास १९६४ साल उजाडले. तोवर बहुतेक फिती ओलाव्याने, आगीने आणि चांदीच्या लोभाने नाहीशा झाल्या होत्या.

२००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो. लाल गालिचा, तारे-तारका आणि वाहतुकीची कोंडी यांचा लाभ आम्हांस दरवर्षी होतोच. त्यातील एक संध्याकाळ मूकपटांसाठी राखून ठेवावी, दरवर्षी, न चुकता. मुर्नाऊचा ओर्लोक आणि फाळक्यांचा १९१९ सालचा, सुदैवाने बराचसा वाचलेला 'कालिया मर्दन' एकाच पडद्यावर दाखवावेत. संगीताची साथ करावयास पेटी, तबला आणि व्हायोलिन यांचे जाणकार गोमंतकात मिळणे कठीण नाही. महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यासाठी दोन-अडीच तास पुरतील.