कधीच न भरलेले न्यायालय

अरब देशांतील उठावांचा विषय निघाला की आपल्याकडे एक निष्कर्ष ठरलेला असतो : त्या समाजांना लोकशाही मानवतच नाही. असे म्हटले की पुढे काही समजून घेण्याचे कष्ट उरत नाहीत. ट्युनिशियाचा अनुभव मात्र निराळे सांगतो.

१७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बुझीद येथे मोहम्मद बुअझीझी या फळविक्रेत्याने स्वतःला पेटवून घेतले. त्यानंतर महिन्याच्या आत, १४ जानेवारी २०११ रोजी, २३ वर्षे सत्ता गाजवलेले बेन अली देश सोडून पळाले. इस्लामवादी आणि सेक्युलर पक्षांनी वाटाघाटी करून २०१४ मध्ये राज्यघटना संमत केली. हा संवाद घडवून आणणाऱ्या चार संघटनांना २०१५ चे शांततेचे नोबेल मिळाले. लोकशाही न मानवणाऱ्या समाजाची ही लक्षणे नव्हेत.

मग बिघडले कुठे? निवडणुकीनंतर वर्षभरात बारा सदस्यांचे घटनात्मक न्यायालय स्थापावे, असे घटनेचे बंधन होते. त्यांपैकी चार सदस्य संसदेने दोन तृतीयांश बहुमताने निवडायचे होते. प्रत्येक पक्षाला आपला माणूस हवा होता. वर्षे सरली तरी एकाच नावावर एकमत झाले.

२५ जुलै २०२१ रोजी अध्यक्ष कैस सईद यांनी कलम ८० चा आधार घेऊन पंतप्रधानांना दूर केले, संसद स्थगित केली. तीस दिवसांनंतर हे विशेषाधिकार चालू राहावेत की नाही, हा निवाडा त्याच कलमानुसार या न्यायालयाकडे मागता आला असता. पण न्यायालयच नव्हते! कलमाचा अर्थ लावायला अध्यक्ष एकटेच उरले, आणि ते पूर्वी घटनात्मक कायदा शिकवत असत.

त्या रात्री लोकांनी रस्त्यांवर जल्लोष केला. बेकारी, करोना आणि भांडखोर संसद यांना ते विटले होते; त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. पुढे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायमंडळ बरखास्त झाले, ५७ न्यायाधीश बडतर्फ झाले, घटनाही बदलली. डिसेंबरातील संसदीय निवडणुकीत मतदान झाले सुमारे ११ टक्के.

हुकूमशहा पळतो तो दिवस सर्वांच्या स्मरणात राहतो. न्यायाधीशांच्या रखडलेल्या नेमणुकांची बातमी आतल्या पानावर येते आणि आपण ती न वाचताच पान उलटतो. ट्युनिशियाची लोकशाही त्या आतल्या पानावर हरली, असे मला वाटते.